भ्रूणविकासाचा स्लाइड बॉक्स: तारामाशासाठी घ्याच, पण चिठ्ठ्या तपासून

भाचीची लेक बीएससीच्या पहिल्या वर्षाला आहे. “आजी, स्पंजला ना तोंड ना स्नायू, मग तो प्राणी कसा?” असं तिनं विचारलं, त्याच आठवड्यात मी बडोद्याच्या रावपुऱ्यातून हा बॉक्स आणला. बारा स्लाइडी, साडेअकराशे रुपये.

स्पंजचं उत्तर मी तोंडी दिलं: पेशींना भित्तिका नाही, त्यांना कोलॅजनचा आधार, अन्न बाहेरून घ्यायचं, आणि वाढ एका फलित अंड्याच्या विभाजनातून. पण हे डोळ्यांनी दिसायला हवं, आणि तारामाशाची स्लाइड तेच दाखवते. एकाच काचेवर अंडं, दोन पेशी, चार पेशी, मग पोकळ चेंडू म्हणजे ब्लास्टुला, आणि त्याच्या पुढं एका बाजूनं आत दबलेला गॅस्ट्रुला. ते दबलेलं तोंड पुढं गुदद्वार होतं. खरं तोंड नंतर दुसरीकडे फुटतं. आपलंही तसंच, म्हणून गोगलगाईपेक्षा तारामासा आपल्याला जवळचा. शिवाय त्याची अळी दोन सारख्या बाजूंची असते, पाच बाहू नंतर येतात. या एका स्लाइडपायी मुलगी तासभर उठली नाही. हायड्राचा छेद मात्र फिकट आहे, दोन थर कळतात एवढंच.

आता तक्रार. कोंबडीच्या ‘48 तास’ चिठ्ठीच्या भ्रूणात डोकं सरळ होतं, हृदय नुकतंच उजवीकडे फुगलेलं. सोमाइट, म्हणजे पाठीच्या मध्यरेषेलगत जोडीनं येणारे ठोकळे, मोजले, बाराच जोड्या. 48 तासांना त्या चोवीसच्या आसपास हव्यात, आणि डोकं वाकून कुशीवर वळलेलं हवं. म्हणजे ही 33 तासांची. तीस वर्षं बारावीला जीवशास्त्र शिकवल्यामुळे मला कळलं; नवख्या मुलानं जर्नलमध्ये तेच चुकीचं काढलं असतं, याचं मला फार वाईट वाटलं. दुकानदारानं न कुरकुरता बदलून दिली, पण मला दोन खेपा पडल्या.

72 तासांची स्लाइड सुरेख. लाल रंग मुरलेला, पंख-पायांचे कोंभ स्पष्ट, आणि घशापाशी कमानी. कमाटीबागेच्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, तो तिनं लहानपणापासून पाहिलाय. त्याच्याही भ्रूणात अशाच कमानी होत्या म्हटल्यावर तिनं पुन्हा डोळा लावला. ही स्लाइड कमी शक्तीच्या भिंगानंच बघा, नाहीतर अख्खा भ्रूण मावत नाही.

महाविद्यालयातल्या मुलांसाठी जरूर घ्या. दुकानातच 33 आणि 48 तासांच्या काचा उजेडात धरा: वाकलेलं डोकं नुसत्या डोळ्यांनाही जाणवतं.