चॅटबॉटकडून खरी हरकत मिळवताना: तीन महिन्यांचा अनुभव

वडोदऱ्यात मराठी पुस्तकांचे घरपोच वाचनालय सुरू करावे, असे गेल्या दिवाळीपासून माझ्या मनात होते. दरमहा २०० रुपये वर्गणी आणि १०० सभासद असा हिशेब मांडून मी तो एका चॅटबॉटच्या सशुल्क आवृत्तीपुढे ठेवला. कल्पना अतिशय सुंदर असून सयाजीराव महाराजांच्या वारशाला साजेशी आहे, असे उत्तर आले. त्या दिवशी मला फार बरे वाटले. आज मात्र त्याच उत्तराचा राग येतो, कारण त्या २०,००० रुपयांतून पुस्तके पोहोचवणाऱ्या मुलाचा पगार आणि पेट्रोल वजा केल्यावर नवी पुस्तके कशातून घ्यायची, हा साधा प्रश्नही त्याने विचारला नव्हता.

हा दोष कोणा एकाच चॅटबॉटचा नाही. या प्रणाली घडवताना त्यांच्या उत्तरांवर माणसांची पसंती घेतली जाते, आणि आपल्या मताला दुजोरा देणारे उत्तर माणसाला सहसा अधिक आवडते. ती आवड प्रणालीत मुरते. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जीपीटी-४ओ या आपल्या मॉडेलमधील एक बदल, त्यामुळे ते फार खुशामत करू लागले म्हणून, काही दिवसांतच मागे घेतला होता.

‘माझ्या कल्पनेला विरोध कर’ असे सांगून पाहिले, तेव्हा त्याने तत्काळ दहा हरकती काढल्या; पण पावसाळ्यात पुस्तके भिजतील ही हरकत आणि सभासद वर्गणी थकवतील ही हरकत त्याने एकाच वजनाने मांडली होती. मग नव्या संभाषणात, हा आराखडा एका परिचिताचा असून तो मला पटत नाही, असे लिहिले, तर त्याने तो पार मोडीत काढला. म्हणजे दोन्ही वेळा त्याने माझ्या सुरात सूरच मिसळला होता.

खरा उपयोग झाला तो माझा कल लपवल्यावर. घरपोच वाचनालयाचा एक आराखडा आणि ज्येष्ठांच्या मंडळांत महिनाभर पुस्तकांची पेटी ठेवण्याचा दुसरा, असे दोन्ही मी त्याच्यापुढे ठेवले, त्यांतला माझा कोणता ते सांगितले नाही, आणि प्रत्येक आराखडा कोणत्या गृहीतकावर उभा आहे व ते चुकले तर काय उरेल, एवढेच विचारले. त्यावर आलेल्या दोन गोष्टी मला विसरता येत नाहीत. पहिली अशी, की सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून जी ग्रंथालये उभी केली आणि खेडोपाडी ज्या पेट्या फिरवल्या, त्यांच्यामागे संस्थानची तिजोरी होती. निव्वळ वर्गणीवर चालणाऱ्या उपक्रमाला तो दाखला लागू पडत नाही. दुसरी अशी, की मराठी बोलणारे घर म्हणजे मराठी वाचणारे घर नव्हे. हे वाचताच मला माझी भाची आठवली. ती घरी अस्खलित मराठी बोलते, पण तिचा अभ्यास इंग्रजीत आणि बाहेरचे वाचन गुजरातीत. मराठी कादंबरी हातात दिली तर ती दुसऱ्या पानावर थांबते.

मी मुद्दामच, कोणताही पुरावा न देता, ‘तसे नाही, आमच्याकडे सगळे वाचतात’ असे लिहिले. चॅटबॉटने क्षणात माघार घेतली, आणि इतकी मोलाची हरकत तितक्याच सहजपणे गमावली. आता मी कायमच्या सूचनांत लिहून ठेवले आहे, की नवी माहिती दिली तरच मत बदलावे, नाहीतर असहमती कायम ठेवावी. बहुतेक वेळा तो ते पाळतो; संभाषण लांबले की पुन्हा मवाळ होतो, म्हणून प्रत्येक विषयासाठी मी नवे संभाषण उघडते.

गृहीतके उघडी पाडण्यासाठी ही सेवा पैसे देऊन घ्यावी, असे मी निःसंकोच म्हणेन. कौल मागण्यासाठी मात्र मुळीच घेऊ नये. माझ्या प्रश्नाचा कौल मला दांडिया बाजार आणि रावपुऱ्यात हिंडून मिळाला. मी २३ घरी विचारले. ९ घरांत कोणीतरी नियमित मराठी वाचणारे निघाले, आणि त्यांतील बहुतेक साठीच्या पुढचे होते. त्यामुळे घरपोचचा आराखडा बाजूला ठेवून मी पेटीचा धरला आहे, आणि पहिल्या पेटीसाठी मोठ्या टायपातली ४० पुस्तके निवडायला घेतली आहेत.