मानसशास्त्राचा मराठी ऑनलाइन अभ्यासक्रम: एक प्रकरण उत्तम, बाकीच्यांना त्याचा पत्ता नाही

पदव्युत्तर विद्यार्थी आणि सेट परीक्षेची तयारी करणारे यांच्यासाठी एका खासगी संस्थेने मराठीतून तयार केलेला मानसशास्त्राचा ध्वनिचित्रमुद्रित अभ्यासक्रम मी माझ्या विद्यार्थिनींच्या आग्रहावरून घेतला आणि पूर्ण पाहिला. आवाज स्वच्छ आहे, व्याख्याने आटोपशीर आहेत, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची इंग्रजी पाठ्यपुस्तके वाचताना जी दमछाक होते ती येथे होत नाही. संशोधनातील लिंगभावाधारित पूर्वग्रहाला स्वतंत्र प्रकरण दिलेले पाहून मला विशेष आनंद झाला, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते.

या प्रकरणातील कोलबर्ग यांच्यावरील व्याख्यान तर प्रत्येक शिक्षकाने पाहावे असे आहे. लॉरेन्स कोलबर्ग यांनी 1958 मधील आपल्या प्रबंधासाठी शिकागो परिसरातील 10, 13 आणि 16 वर्षांच्या 72 जणांच्या मुलाखती घेतल्या आणि हे सगळे मुलगे होते. मरणाच्या दारात असलेल्या पत्नीसाठी हाइन्झ नावाच्या काल्पनिक माणसाने औषध चोरावे की नाही, अशा प्रश्नांच्या उत्तरांमागची कारणे तपासून त्यांनी नैतिक विकासाच्या सहा अवस्था ठरवल्या. मुलग्यांवरून बेतलेली ही मोजपट्टी पुढे मुलींना लावली गेली, तेव्हा नात्यांचा आणि दुसऱ्याच्या काळजीचा विचार करणारी उत्तरे तिसऱ्या अवस्थेतच अडकतात, असा आक्षेप कॅरल गिलिगन यांनी 1982 मध्ये घेतला. बहुतेक शिकवण्या येथेच थांबतात. या व्याख्यात्या मात्र पुढे जाऊन सांगतात की लॉरेन्स वॉकर यांनी 1984 मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा स्त्री-पुरुषांच्या गुणांमध्ये फारसा फरक आढळला नाही, आणि जेथे आढळला तेथे शिक्षण व व्यवसाय यांतील तफावत बरीचशी कारणीभूत होती. त्यानंतर हेअर-मस्टिन आणि मारेचेक यांनी 1988 मध्ये केलेला भेद येतो: फरक फुगवून सांगणे हा अल्फा पूर्वग्रह, तर असलेल्या फरकाकडे काणाडोळा करणे हा बीटा पूर्वग्रह. स्त्रियांची बाजू घेणारा सिद्धांतही पहिल्या प्रकारात मोडू शकतो, हे विद्यार्थ्याला इतक्या सरळपणे समजावून देणारे मराठी व्याख्यान मी यापूर्वी ऐकलेले नव्हते.

मात्र हे प्रकरण संपताच अभ्यासक्रम त्यातले सगळे विसरतो, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे.

विकासात्मक मानसशास्त्राच्या भागात कोलबर्ग यांच्या सहा अवस्था पुन्हा येतात, पण तेथे त्या 'मानवाच्या' नैतिक विकासाच्या अवस्था म्हणून येतात आणि 72 मुलग्यांचा उल्लेखही होत नाही. सामाजिक मानसशास्त्रात मिलग्रॅम यांच्या 1963 च्या प्रयोगाचा (यात प्रयोगकर्त्याच्या आज्ञेवरून दुसऱ्या माणसाला विजेचे वाढते झटके द्यायचे असत; झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते खरे वाटत) निष्कर्ष '65 टक्के लोकांनी 450 व्होल्टपर्यंत आज्ञा पाळली' असा दिला आहे. प्रत्यक्षात ते 40 पुरुष होते आणि त्यांपैकी 26 जण शेवटपर्यंत गेले. मिलग्रॅम यांनी नंतर 40 स्त्रियांवरही हा प्रयोग केला, त्यात आज्ञापालनाचे प्रमाण तेवढेच निघाले आणि स्त्रियांनी अनुभवलेला ताण मात्र अधिक असल्याचे नोंदवले गेले. हे सांगितले असते तर निष्कर्ष अधिक बळकट झाला असता, कारण येथे फरक नाही हे गृहीत धरलेले नसून तपासलेले आहे. ताणाच्या व्याख्यानात 'लढा किंवा पळा' ही प्रतिक्रिया सर्वांची म्हणून शिकवली जाते. 1995 पूर्वीच्या ताणविषयक प्रयोगशालेय अभ्यासांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे 17 टक्केच होते, हे शेली टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये दाखवून दिले आणि स्त्रियांच्या बाबतीत 'सांभाळा आणि सोबत जोडा', म्हणजे मुलांना जपणे आणि इतरांचा आधार जोडणे, अशी वेगळी प्रतिक्रिया सुचवली. त्याबद्दल त्या व्याख्यानात अवाक्षर नाही.

स्मृतीच्या प्रकरणाने मला सर्वांत अधिक वाईट वाटले. शब्दांच्या जोड्या पाठ करून घेण्याच्या पद्धतीवर तेथे एक पूर्ण व्याख्यान आहे, पण ती पद्धत रुजवणाऱ्या मेरी व्हिटन कॅल्किन्स यांचे नाव त्यात एकदाही येत नाही. 1895 मध्ये डॉक्टरेटच्या सर्व अटी पूर्ण करूनही केवळ स्त्री म्हणून हार्वर्डने त्यांना पदवी नाकारली, ही हकिकत पूर्वग्रहाच्या प्रकरणात मोठ्या आस्थेने सांगितली आहे. तीच संस्था, तोच अभ्यासक्रम, आणि जेथे त्यांचे काम शिकवायचे तेथे त्या गायब!

हे सगळे सोबतच्या नोंदींतही उतरले आहे. प्रत्येक प्रकरणाअखेरच्या तक्त्यात संशोधक, वर्ष, पद्धत आणि निष्कर्ष असे चार रकाने आहेत, पण सहभागी कोण होते यासाठी रकानाच नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री मुले हाच तक्ता पाठ करतात आणि पुढे शिक्षक झाल्यावर तोच फळ्यावर लिहितात.

तरीही अभ्यासक्रम घ्यावा, असेच मी सांगेन, कारण मराठीत या दर्जाची सामग्री फार थोडी आहे. पूर्वग्रहाचे प्रकरण क्रमाने अखेरीस ठेवले असले तरी ते सर्वांत आधी पाहावे आणि नोंदींच्या तक्त्यात पाचवा रकाना स्वतः आखून घ्यावा. हा रकाना पुढील आवृत्तीत छापावा, अशी विनंती मी संस्थेला लेखी कळवली आहे.