गच्चीवरचं हिरवं छत: दहा महिने आणि एका पावसाळ्यानंतर

आमची इमारत पुण्यात सहकारनगरला, आंबिल ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर. चार बिऱ्हाडं. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री ओढ्याला आलेला पूर आम्ही गच्चीवर उभं राहून पाहिला. आपण उभे आहोत त्या गच्चीचं पाणीही पाइपातून थेट तिकडेच चाललंय, हे तेव्हापासून डोक्यातून गेलं नाही. यंदा जानेवारीत ८०० चौरस फुटांपैकी निम्म्या गच्चीवर हिरवं छत, म्हणजे स्लॅबवर मातीचा पातळ थर आणि त्यात झाडं, करून घेतलं. उरलेला कोबा उघडाच आहे. दोन्हीकडचे पाइप पार्किंगमध्ये शेजारीशेजारी उतरतात, त्यामुळे फरक समोर दिसतो.

मे महिन्यात वळीव कोसळला तेव्हा मी खाली जाऊन उभी राहिले. कोब्याचा पाइप पाचच मिनिटांत धो धो वाहायला लागला. दुसऱ्याच्या तोंडाशी हात लावला, तर नुसता ओलसर! ४०० चौरस फुटांवर २० मिलिमीटर पाऊस म्हणजे जवळपास ७४० लिटर पाणी. कोरड्या मातीने ते पिऊन टाकलं होतं.

जुलैत झड लागली आणि ही मजा संपली. चार दिवस संततधार झाल्यावर माती तुडुंब भिजते, मग पडेल तेवढं पाणी खाली येतं. ‘सगळा पाऊस गच्चीवरच जिरतो’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण तेव्हाही मोठी सर आली की कोब्याचं पाणी एकदम येतं आणि हिरव्या भागाचं सावकाश. सर थांबल्यावरही तासभर बारीक धार चालू राहते. ओढा फुगतो तो सगळ्या गच्च्यांचं, रस्त्यांचं पाणी एकाच वेळी येऊन आदळल्याने. मला त्या तासाभराचंच मोल वाटतं.

ठेकेदाराच्या कामाने मात्र मनस्ताप दिला. त्याने नुसती लाल माती आणि शेणखत भरलं. जूनमध्ये पाइपातून चहाच्या रंगाचं पाणी आलं आणि एका कोपऱ्यात घोटाभर तळं साचलं. उकरून पाहिलं, तर जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे माती अडवून पाणी जाऊ देणारं, कापड कडेला वर दुमडलेलंच नव्हतं; माती खालच्या ड्रेन बोर्डाच्या (पाणी वाहून नेणाऱ्या खळगेदार पत्र्याच्या) खळग्यांत उतरून बसली होती. दोन दिवस आम्ही घमेल्यांनी उपसत होतो. आता भरावात विटांचा चुरा, कोकोपीट आणि थोडं गांडूळखत आहे, आणि पाइपाच्या तोंडाभोवती फूटभर रुंद खडीचा पट्टा.

वजनाचं आधी बघा. दहा सेंटिमीटरचा थर भिजल्यावर आमच्याकडे साडेचार टनांच्या आसपास भरतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरने स्लॅब तपासला आणि ४८ तास पाणी भरून गळती पाहिली, त्यानंतरच माती चढवली.

लॉन एप्रिलमध्ये करपलं. टँकरचं पाणी गवताला घालणं मनाला पटेना. थंड देशांत लावतात ते सेडम नावाचं जाड पानांचं रोपही आणलं, ऑगस्टमध्ये कुजलं. चिनी गुलाब आणि रिओ मात्र मस्त पसरलेत, आणि कडेला दुर्वा आपसूक उगवल्यात. यंदा गणपतीला घरच्याच वाहिल्या.

उरलेला निम्मा भाग उन्हाळ्याआधी करायचं चौघांनी ठरवलंय. या वेळी कापड अंथरताना मी स्वतः वर थांबणार आहे.