शाळा सांभाळून पीएच.डी. की शाळा बाजूला ठेवून?

एम.एड. झालेलं असतं, जिल्हा परिषदेच्या शाळेत दहा-बारा वर्षं निघालेली असतात आणि पीएच.डी.चा विचार डोक्यात घोळू लागतो. आधी एक सांगून टाकतो: केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी व्हायला ही पदवी लागत नाही. बढतीसाठी करणार असाल तर इथेच थांबलेलं बरं. शिवाय ‘प्राथमिक शिक्षण’ असा वेगळा विषय बहुतेक विद्यापीठांत नसतो. पदवी शिक्षणशास्त्राची मिळते, प्राथमिकचा प्रश्न आपण निवडायचा.

अर्धवेळ पीएच.डी.ला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमावलीत मुभा आहे, पण ना हरकत प्रमाणपत्र लागतं. त्यात नुसती परवानगी चालत नाही. अभ्यासाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (पीएच.डी.च्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमासाठी) कार्यमुक्त करू, असंही कार्यालयाने लिहून द्यावं लागतं. खरी अडचण इथे येते. दोनशिक्षकी शाळेतला एक जण कोर्सवर्कला गेला, की उरलेल्याने सगळे वर्ग एकट्याने ओढायचे. त्यात निवडणूक लागली तर विचारूच नका.

तरीही या वाटेची एक श्रीमंती आहे. पगार चालू राहतो हे झालंच, पण संशोधनाचा विषय रोज समोर बसलेला असतो. ५२ मधून ३८ वजा करताना मूल २६ लिहितं, कारण एकक-दशकाच्या प्रत्येक घरात ते मोठ्या अंकातून लहान अंक काढतं. ही चूक कधी सुरू होते, कशाने सुटते, हे वर्षभर पाहायची सोय तुम्हाला आहे. पूर्णवेळ संशोधकाला त्यासाठी आधी शाळा शोधावी लागते, मग परवानगी, मग मुलांची भीड चेपायची.

पूर्णवेळवाल्याकडे मात्र सलग वेळ असतो, ग्रंथालय असतं, वाद घालायला सोबती असतात. गणित-विज्ञानाच्या शिक्षणावर काम करायचं असेल तर मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र जरूर पाहा. जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात, पण वयोमर्यादा ३० आहे (महिला व राखीव प्रवर्गांना सवलत). बार्टी, सारथी या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्याही पूर्णवेळवाल्यांसाठीच.

मुदत दोघांना सारखीच: किमान ३, कमाल ६ वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी २. महिलांना त्यावर २ वर्षं जास्त.

माझं मत विचाराल तर तिशीच्या आत असाल आणि अध्यापक महाविद्यालयात शिकवायचं असेल तर पूर्णवेळ. नोकरी कायम आणि प्रश्न स्वतःच्या वर्गातला असेल तर अर्धवेळ, मात्र साहेबांची सही हातात आल्यावरच.

गाईडकडे जागा मोजक्याच असतात: प्राध्यापकाकडे ८, सहयोगीकडे ६, सहायककडे ४. होकार मिळाला तरी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा, प्रबंधाचं दिलेलं प्रकरण तपासून परत यायला किती महिने लागतात?