बायनॉक्युलर की टेलिस्कोप? इंदूरच्या गच्चीवरून पाहायचं तर

पहिली खरेदी बायनॉक्युलरचीच करावी. १०×५० म्हणजे दहापट मोठं दिसणार आणि पुढची भिंगं ५० मिमीची. एका नजरेत साधारण ६ अंश आकाश मावतं. कृत्तिका त्यात अख्ख्या बसतात, गुरूचे चार चंद्रही ठिपक्यांसारखे दिसतात. फक्त हात स्थिर हवा, आणि तो राहत नाही! कोपरं कठड्यावर टेकवा.

शनीची कडी मात्र दहापटीत सुटी दिसत नाहीत, तिथे टेलिस्कोपच लागतो. १३० मिमी आरसा आणि ६५० मिमी नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा तयार होते तिथपर्यंतचं अंतर) असेल, तर २५ मिमी नाभीय अंतराच्या आयपीसने, म्हणजे डोळ्याला लावायच्या भिंगाने, २६ पट आणि १० मिमीच्या आयपीसने ६५ पट मोठं दिसतं. २६ पटीत कडी ओळखू येतात, ६५ पटीत ग्रहापासून वेगळी दिसतात. खोक्यावर छापलेल्या ‘५२५ पट’वर जाऊ नका. आरशाच्या मिमीच्या दुप्पट, म्हणजे इथे २६० पटींपुढे चित्र नुसतं पुसट होत जातं. टेलिस्कोप अर्धा तास आधी बाहेर ठेवा, नाहीतर नळीतली गरम हवा प्रतिमा थरथरवते. दिवसभर तापलेली गच्चीही तेच करते.

देवयानी दीर्घिका, म्हणजे अँड्रोमेडा गॅलेक्सी, २५ लाख प्रकाशवर्षं दूर. नोव्हेंबरच्या मध्यात रात्री साडेनऊला ती उत्तरेकडे, जवळजवळ डोक्यावर येते. १३० मिमीचा आरसा ५० मिमीच्या एका भिंगापेक्षा जवळपास सातपट प्रकाश गोळा करतो, तरी राजवाडा-सराफ्याच्या झगमगाटात दोन्हींतून धुरकट डागच दिसतो. बायनॉक्युलर गळ्यात अडकवून शहराबाहेर, चोरलकडच्या अंधारात निघता तरी येतं.