मॉलमधला गाळा: मालकीचा घ्यावा की भाड्याचा?

चालत्या धंद्याच्या शिलकीतून किंवा निवृत्तीच्या पैशातून मुंबई-ठाणे परिसरातल्या मॉलमध्ये गाळा घेण्याचा विचार करणाऱ्यापुढे साधारणपणे दोन पर्याय येतात. पहिल्या प्रकारात बिल्डर मॉल बांधून त्यातले गाळे सुटे सुटे विकतो आणि प्रत्येक गाळेधारक आपापल्या गाळ्याचा मालक होतो. दुसऱ्या प्रकारात सगळी इमारत एकाच कंपनीच्या मालकीची राहते आणि दुकानदार ठरावीक वर्षांच्या कराराने भाडेकरू म्हणून येतो. दलाल या दोन्हींची तुलना बहुधा चौरस फुटाच्या दरावर करून दाखवतो, आणि त्या हिशेबात मालकीचा गाळा सहसा सरस ठरतो. मला ती तुलना अपुरी वाटते. मुंबईतल्या मॉलची गेल्या पंचवीस वर्षांची वाटचाल पाहिली, तर गाळ्याचे बरेवाईट दरापेक्षा एका निराळ्याच गोष्टीवर ठरलेले दिसते. ती म्हणजे मॉलची घडी बिघडल्यावर ती मोडून पुन्हा बसवण्याचा अधिकार आणि ऐपत कोणाकडे होती.

आरंभ ताडदेवच्या क्रॉसरोड्सपासून करावा लागतो. रोश या औषध कंपनीचा इथला व्यवसाय पिरामल समूहाने घेतला होता. तिच्या कारखान्याच्या जागेवर, हाजी अलीच्या जवळच, १९९९ साली हा मॉल उभा राहिला. देशातल्या पहिल्या काही मॉलमध्ये त्याची गणना होते. क्षेत्रफळ सुमारे दीड लाख चौरस फूट, म्हणजे आजच्या मोठ्या मॉलच्या मानाने एक कोपराच. सुरुवातीला बघ्यांची अशी झुंबड उडाली की, मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड दाखवील त्याला तसेच आत सोडायचे आणि बाकीच्यांकडून प्रवेशशुल्क घ्यायचे, असा नियम काढण्यात आला. त्यावर टीका झाली आणि तो मागे पडला. त्या नियमातल्या उद्दामपणाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, पण गाळा घेणाऱ्याच्या कामाची गोष्ट त्याच्या आड दडलेली आहे: गर्दी आणि गिऱ्हाईक यांतला फरक मॉल चालवणाऱ्यांना अगदी पहिल्या दिवसांपासून ठाऊक होता. फूटफॉलचे, म्हणजे आत येणाऱ्या माणसांच्या संख्येचे, आकडे पुढे ठेवून भाडे सांगणाऱ्या व्यवस्थापकाला, आत येणाऱ्यांपैकी हातात पिशवी घेऊन बाहेर पडतात किती, हे आजही विचारले पाहिजे.

क्रॉसरोड्सची जागा शहरातल्या उत्तम जागांपैकी होती, तरी तो टिकला नाही. पुढे मोठमोठे मॉल झाले, आणि चित्रपटगृहे, खाण्यापिण्याचा मजला व ऐसपैस वाहनतळ हे सारे एका छपराखाली मिळू लागल्यावर दीड लाख चौरस फुटांत त्यांच्याशी बरोबरी करणे शक्य नव्हते. मॉल फ्यूचर समूहाकडे गेला, सोबो सेंट्रल या नावाने चालला, आणि समूहच कर्जाच्या ओझ्याखाली आल्यावर निपचित पडला. २०२४ मध्ये के. रहेजा कॉर्पने ती मालमत्ता सुमारे ४७६ कोटी रुपयांना घेतली. जमिनीला मोल होतेच. दुकानाला राहिले नव्हते. भाडेकरू म्हणून जाणाऱ्याने यातून एवढे लक्षात ठेवावे की, एकहाती मालकी ही मालकाच्या ताळेबंदाइतकीच भक्कम असते, त्यामुळे कराराआधी मालक कंपनीचे वार्षिक अहवाल आणि त्या इमारतीवरचे कर्ज पाहणे हे इंटिरियरच्या नकाशाहून अधिक महत्त्वाचे आहे.

लोअर परळच्या फिनिक्स मॉलची गोष्ट लांबलचक आहे आणि तीच अधिक शिकवणारी आहे. फिनिक्स मिल १९०५ ची. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि त्यानंतर गिरणगावातले भोंगे एकेक करून बंद पडत गेले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा काही वाटा महापालिकेला आणि म्हाडाला देऊन उरलेली जमीन विकसित करण्याची वाट उघडली. २००१ च्या दुरुस्तीने तो सार्वजनिक वाटा फक्त मोकळ्या जमिनीपुरता राहिला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. या निर्णयांनी कामगारांच्या हाती काय आले हा वेगळा आणि अधिक गंभीर विषय आहे. मात्र मुंबईच्या मॉलच्या इतिहासात तो वगळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही, कारण इथला चौरस फूट ज्या जमिनीवर मोजला जातो ती जमीन अशी मोकळी झालेली आहे.

फिनिक्सची बांधणी एका दमात झाली नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिथे बोलिंग अ‍ॅली आली, त्यानंतर गिरणीच्या जुन्या इमारतींमध्ये दुकाने आली, २००१ च्या सुमारास बिग बझार आले, आणि २००९ मध्ये पॅलेडियम हा उंची ब्रँडचा मॉल त्याच आवारात उघडला. शेजारी पंचतारांकित हॉटेल झाले. सेनापती बापट मार्गावरून, म्हणजे जुन्या लोकांच्या तुळशी पाइप रोडवरून, आत वळले की गिरणीची विटांची चिमणी अजून उभी दिसते, आणि तिच्या पायथ्याशी लोक कॉफीचे पेले हातात घेऊन फोटो काढत असतात. स्वस्त डाळ-तांदळाच्या रांगांपासून परदेशी घड्याळांपर्यंत हे आवार दहा वर्षांच्या आत पोहोचले. कारण जमीन मोठी होती, ती एकाच हातात होती, आणि कोणते दुकान कुठे बसवायचे, कोणते उठवायचे, हे ठरवायला कुणाची सर्वसाधारण सभा बोलवावी लागत नव्हती.

हीच गोष्ट भाडेकरूच्या बाजूने वाचली की मात्र तिचा रंग बदलतो. मॉल वर चढतो तेव्हा २००१ च्या गिऱ्हाइकाला साजेसा माल ठेवणाऱ्याला २००९ च्या मॉलमध्ये जागा असेलच असे नाही. कराराची मुदत संपते, नूतनीकरणाच्या वेळी भाडे असे सांगितले जाते की ते नकाराचेच सभ्य रूप असते, आणि आपण फर्निचर, दिवे, काचा यांवर घातलेला पैसा तिथेच सोडून बाहेर पडावे लागते. माझ्या नात्यातल्या एका कापड दुकानदाराला उपनगरातल्या एका मॉलमधून असेच बाहेर पडावे लागले. त्याच्या दुकानाची विक्री शेवटच्या वर्षी आधीपेक्षा चांगली होती, आणि याच गोष्टीचे त्याला अजून नवल वाटते. मला वाटत नाही. मॉल यशस्वी करण्यात त्याचा वाटा होता, पण मॉलमध्ये त्याचा वाटा नव्हता.

आता दुसरे टोक. भांडुपचा ड्रीम्स मॉल २००९ मध्ये सुरू झाला. त्यातले गाळे शेकडो मालकांना विकलेले होते. पुढे तंटे वाढले आणि कारभार राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने नेमलेल्या प्रशासकाकडे गेला. २५ मार्च २०२१ च्या मध्यरात्रीच्या सुमारास मॉलमध्ये लागलेल्या आगीचा धूर वरच्या कोविड रुग्णालयापर्यंत पोहोचला आणि रुग्णांचे प्राण गेले. प्रत्येक विकलेल्या मॉलचा शेवट असा होतो असे म्हणणे अन्यायाचे आहे. परंतु शेकडो मालकांच्या इमारतीत अग्निशमन यंत्रणा, सरकते जिने आणि वातानुकूलन चालू ठेवण्याची जबाबदारी सगळ्यांची म्हणजे कोणाचीच नाही, हे हळूहळू कसे घडत जाते ते समजण्यासारखे आहे. काही गाळे गुंतवणूक म्हणून घेतलेले असतात आणि ते मालक शहरातही नसतात. ते देखभाल खर्च थकवतात. थकबाकीमुळे वातानुकूलन दुपारी बंद ठेवले जाते. उकाड्याने गिऱ्हाईक कमी होते. त्यामुळे आणखी गाळे बंद होतात. अशा मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर एखाद्या मंगळवारी दुपारी गेले तर बंद शटरांवर मार्करने लिहिलेले ‘भाड्याने देणे आहे’ आणि खाली मोबाइल नंबर दिसतात, जिना थांबलेला असतो, आणि उघड्या असलेल्या दोन-तीन गाळ्यांत झेरॉक्स, मोबाइल दुरुस्ती किंवा शिकवणी चालू असते.

यामागचे कारण व्यापारी आहे. एकहाती मॉलमध्ये मालक मोठ्या दुकानाला, म्हणजे अँकरला, स्वस्तात जागा देतो, कारण त्याच्यामुळे येणाऱ्या लोकांवर लहान दुकाने चालतात आणि लहान दुकानांकडून चौरस फुटाला कितीतरी अधिक भाडे मिळते. एका खिशातले दुसऱ्या खिशात येते. सुट्या मालकांच्या मॉलमध्ये आपला गाळा स्वस्तात देऊन शेजाऱ्याचा धंदा वाढवायला कोणीही तयार होत नाही, आणि म्हणून तिथे अँकर येत नाही, आला तरी टिकत नाही.

पैशाचा हिशेबही सरळ नाही. मुंबईत गाळा विकत घेताना मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ६ टक्के पडते. भोगवटा प्रमाणपत्र मिळण्याआधी घेतला तर जीएसटी वेगळा. लीव्ह अँड लायसन्सच्या करारावरचे मुद्रांक शुल्क त्या मानाने किरकोळ, ०.२५ टक्के असते, पण व्यापारी भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्या, लहान दुकानदाराला त्याचा परतावा घेता येत नाही. भाडे बहुधा दोन भागांत ठरते: एक किमान रक्कम, जिला व्यवहारात एमजी म्हणतात, आणि विक्रीवरची टक्केवारी, दोहोंपैकी जे जास्त भरेल ते द्यायचे. त्यावर कॅम, म्हणजे सामाईक देखभालीचा खर्च. भाडे वापरातल्या क्षेत्रफळावर न लावता लोडिंग, म्हणजे जिने-मार्गिका अशा सामाईक जागेचा वाटा, धरलेल्या क्षेत्रफळावर लावले जाते, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येते. समजा, प्रत्यक्ष जागा २०० चौरस फूट आहे आणि लोडिंग ६० टक्के आहे, तर भाडे आणि कॅम दोन्ही ३२० फुटांवर द्यावे लागतील, आणि त्या वाढीव १२० फुटांवर एक हँगरसुद्धा टांगता येणार नाही. लॉक-इनची, म्हणजे ठरावीक काळ करार मोडता न येण्याची, अटही नीट वाचावी, कारण ती पुष्कळदा दुकानदारालाच बांधते आणि मालकाला मोकळे ठेवते.

माझे मत विचाराल तर, केवळ भाड्याच्या उत्पन्नासाठी सुट्या विक्रीच्या मॉलमधला वरच्या मजल्यावरचा गाळा घेऊ नये, मग दर कितीही खाली आलेला असो. त्याच इमारतीत रस्त्याकडे तोंड असलेला आणि बाहेरून स्वतंत्र शटर असलेला तळमजल्याचा गाळा ही वेगळी गोष्ट आहे. मॉल मेला तरी तो रस्त्यावरचे दुकान म्हणून जगतो. स्वतः धंदा करणाऱ्याचा नफा घसघशीत असेल, माल ब्रँडचा असेल आणि पाच वर्षांनी तिथून उठावे लागेल हे धरून फर्निचरचा खर्च त्या मुदतीत वसूल होत असेल, तर एकहाती मॉलमधले भाडे परवडते. किराणा, शिवणकाम, स्टेशनरी अशा पातळ नफ्याच्या धंद्याला दोन्ही मॉल महागच पडतात, आणि स्टेशनच्या वाटेवरचा साधा गाळा त्यांच्यासाठी अजूनही बरा.

विकत घ्यायचेच ठरले असेल, तर टोकन देण्याआधी सोसायटीकडून किंवा फेडरेशनकडून थकीत देखभाल खर्चाची यादी लेखी मागावी, अग्निशमन यंत्रणेची शेवटची तपासणी कधी झाली ते कागदावर पाहावे, आणि जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे की ती अजून बिल्डरच्याच नावावर आहे हे वकिलाकडून तपासून घ्यावे. थकबाकीची यादी द्यायला तिथले कार्यालय आठवडाभर चालढकल करू लागले, तर तेवढ्यावरूनच निर्णय घ्यायला हरकत नाही.