एनपीटेल: फुकट शिक्षण, पण कष्ट मात्र स्वतःचेच

आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००३ मध्ये सुरू केलेल्या एनपीटेल या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचे अभ्यासक्रम केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या संकेतस्थळावर मोफत उपलब्ध आहेत. पुण्यात खासगी शिकवणीचे शुल्क न परवडणाऱ्या मुलांना मी हे संकेतस्थळ आवर्जून सुचवते. सांख्यिकीच्या ज्या अभ्यासक्रमाला मी नाव नोंदवले, त्यातील प्राध्यापक सूत्र थेट न मांडता ते कोणत्या गरजेतून जन्माला आले हे फळ्यावर उलगडत जातात, आणि अशी संथ, खोलवरची मांडणी मला अन्यत्र क्वचितच मिळाली.

दर आठवड्याचे स्वाध्याय अंतिम गुणांत २५ टक्के धरले जातात, उरलेले ७५ टक्के प्रत्यक्ष केंद्रावरील परीक्षेचे असतात. शिकणे मोफत असले, तरी प्रमाणपत्रासाठी परीक्षा शुल्क भरावे लागते. ते मला रास्त वाटते.

खरी अडचण भाषेची आहे. बहुतेक व्याख्याने इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमातून आलेला हुशार मुलगाही पहिल्याच आठवड्यात अडखळतो. अशा खुल्या अभ्यासक्रमांना नाव नोंदवणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक जगभर ते अर्धवट सोडतात. म्हणून एकट्याने न बसता मित्रांचा गट करून शिकावे, असे मी आग्रहाने सांगेन.